वनांना हात हवेत

पावसाळा सुरू झाला की गावोगावी वृक्षारोपणाचे समारंभ होतात. खड्डे खणले जातात, रोपे लावली जातात, टाळ्यांचा गजर होतो. पुढे वैशाख येतो. त्या वेळी त्याच माळावर जाऊन पाहावे, तर कित्येक खड्ड्यांत वाळलेल्या काटक्या तेवढ्या उभ्या दिसतात. रोप लावणारे हात पुष्कळ असतात. त्याला पाणी घालणारे, गुरांपासून जपणारे आणि वणव्यापासून वाचविणारे हात थोडे असतात. झाड लावणे हा एका दिवसाचा उत्सव होय. झाड वाढविणे हे मात्र अनेक वर्षांचे काम होय. कामाला शिकलेला माणूस हवा आणि त्या माणसाला पोटापुरते वेतन हवे, हे उघड आहे.

एकीकडे वनांना माणसे हवी आहेत आणि दुसरीकडे वनांच्या कुशीत वाढलेले तरुण कामासाठी शहराची वाट धरीत आहेत. विहिरीत पाणी असावे, काठावर तहानलेला उभा असावा आणि पोहरा मात्र नसावा, तशी ही स्थिती आहे. शिक्षण आणि रोजगार यांची जोड हाच तो पोहरा होय.

असा पोहरा एका राष्ट्राने पूर्वी विहिरीत सोडला होता. १९२९ नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली व लक्षावधी तरुण बेकार झाले. १९३३ साली अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांच्यासाठी नागरी संवर्धन दल उभारले. हे तरुण रानावनांतील तळांवर राहात, झाडे लावीत, वणवे विझवीत आणि जमिनीची धूप थांबविण्यासाठी बांध घालीत. त्यांना महिन्याला ३० डॉलर वेतन मिळे व त्यांतील सुमारे २५ डॉलर घरी धाडले जात. रात्रीच्या वर्गांत कित्येक निरक्षर तरुण लिहावयास-वाचावयास शिकले. महायुद्धामुळे १९४२ साली हे दल बंद पडले. तोवर सुमारे ३० लाख तरुणांनी सुमारे ३०० कोटी झाडे लावली होती. या दलात उणिवाही होत्या. त्यात तरुणींना प्रवेश नव्हता आणि कृष्णवर्णीय तरुणांना बहुधा वेगळ्या तळांवर ठेवले जाई. त्याचा गुण घ्यावा आणि दोष टाळावा, हेच शहाणपण होय.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण तर अधिक बोलके आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड वस्तीच्या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून तेथील ग्रामसभा स्वतः बांबू तोडून विकू लागली आणि गावकऱ्यांना गावातच काम मिळू लागले. ज्या वनावर आपले घर चालते, त्या वनाला कोणी आग लावीत नाही. शंभर कुंपणांनी जे साधत नाही, ते या एका जाणिवेने साधते.

यावर कोणी म्हणेल, ‘सर्वांना सरकारी नोकरी कोठून द्यावी?’ हा आक्षेप खरा आहे; परंतु वनांतील काम म्हणजे केवळ नोकरी नव्हे. रोपवाटिका चालविणे, बांबूच्या वस्तू घडविणे, मध व मोहफुले नीट गोळा करून विकणे, प्रवाशांना रान दाखविणे, हीदेखील वनांतील कामेच होत. ताडोबाच्या व्याघ्रप्रकल्पात आज स्त्रियाही मार्गदर्शक म्हणून काम करतात.

दुसरा कोणी म्हणेल, ‘हे काम कष्टाचे आणि धोक्याचे आहे.’ तेही खोटे नाही. वनरक्षकाच्या निवडीत चार तासांत पुरुषांना २५ व स्त्रियांना १६ किलोमीटर चालून दाखवावे लागते. २०२१ साली ताडोबात वाघांच्या गणनेचे काम करताना एका महिला वनरक्षकाला वाघिणीच्या हल्ल्यात प्राण गमवावे लागले. म्हणून या कामाला लोकांनी हलके लेखू नये. जे आपल्यासाठी जीव धोक्यात घालतात, त्यांना योग्य वेतन, चांगली साधने आणि मान देणे हे समाजाचे कर्तव्य होय.

या कामासाठी विद्याही लागते. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो आणि त्यातून पुष्कळदा वणवा पसरतो. हे कारण ज्याला ठाऊक आहे, तो पाचोळा झाडून दूर करावयास शिकवील आणि वेळेवर जाळरेषा काढील. पाऊलखुणा ओळखणे, नकाशा वाचणे, जखमेवर प्रथमोपचार करणे, या गोष्टीही शिकूनच येतात.

रानाजवळ राहणाऱ्या मुलाला कोणते पाखरू केव्हा घरटे बांधते, कोणत्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी असते, हे आजोबांकडून कळलेले असते. शाळेत मात्र त्या ज्ञानाला गुण नसतात आणि ते मूल स्वतःला अडाणी समजू लागते. हे थांबले पाहिजे. त्या ज्ञानाला शास्त्राची जोड मिळाली, तर तेच मूल उद्या उत्तम वनरक्षक होईल. मग वैशाखातही माळावरची रोपे हिरवी दिसतील, कारण त्यांना पाणी घालणारा कोणीतरी तेथे असेल.