पारा बाद झाला, पण गेला कुठं?

मे महिना आला की आमच्या धंद्यात एक मथळा ठरलेला असतो: पारा चाळिशीपार. एखाद्याचं डोकं फिरलं तरी आपण म्हणतो, पारा चढला. इतका हा धातू आपल्या बोलण्यात मुरलाय. पण तो हाताळून ज्यांचे हात कापायला लागले, त्यांची बातमी क्वचितच होते. आज त्यांच्याबद्दल लिहितोय, कारण हा प्रश्न आता आपल्या हायवेच्या कडेला, भंगारच्या दुकानात येऊन पोचलाय. पोस्ट जरा लांब आहे, सवड काढून वाचा.

पारा वाईट हे काल-परवा कळलेलं नाही. आजच्या स्लोव्हेनियात इद्रिया नावाचं गाव आहे. तिथल्या पाऱ्याच्या खाणीत १६६५ साली कामाचा दिवस सहा तासांवर आणला, कारण खाणकामगार कापत होते, खंगत होते. १७०० साली रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्यानं कामगारांच्या रोगांवर अख्खा ग्रंथ लिहिला. पाऱ्यानं सोन्याचा मुलामा देणारे आणि आरसे बनवणारे कारागीर कसे आजारी पडतात, हे त्यात आहे. त्याचं डॉक्टरांना सांगणं एकच होतं: रोग्याला बाकी सगळं विचारता, तसं तू काम काय करतोस हेही विचारा. तीनशे वर्षं उलटून गेली, हा प्रश्न आपल्याकडं अजून किती दवाखान्यांत विचारला जातो?

पाऱ्याची गोम अशी की तो फसवतो. तळहातावर घेतला तर चमकतो, पळतो, पोरांना खेळ वाटतो. जळजळ नाही, वास नाही. पण साध्या घरातल्या उष्णतेलाही त्याची वाफ होत राहते. ती दिसत नाही. श्वासातून आत गेलेल्या वाफेतला जवळपास ८० टक्के पारा फुप्फुसातून रक्तात उतरतो, तिथून मेंदूत आणि मूत्रपिंडात. मग हात कापतात, हिरड्या सुजतात, विसरायला होतं, माणूस चिडचिडा होतो. आता सांगा, आपल्या भागात एखाद्या मजुराचे हात कापायला लागले तर लोक काय म्हणतात? “लय पितो.” झालं निदान.

हे सगळं लांबच्या देशातलं वाटत असेल तर जवळ या. ठाणे खाडीच्या काठी कॉस्टिक सोडा बनवताना पारा वापरला जायचा. १९८१ साली झिंगडे आणि देसाई या दोन शास्त्रज्ञांनी खाडीतल्या पाऱ्यावर शोधनिबंध छापला. खाडीतल्या पाण्याचा, गाळाचा, माशांचा अभ्यास निदान झाला. कारखान्याच्या आतल्या माणसांचं काय झालं, याची तेवढी चर्चा झाल्याचं आठवत नाही.

आणि कोडाईकनाल. अमेरिकेत वॉटरटाउनला थर्मामीटरचा कारखाना होता. तो तिथं बंद झाला आणि १९८३ च्या सुमारास तमिळनाडूच्या या डोंगरावर आला. पुढं तो हिंदुस्थान लिव्हरकडं गेला. मार्च २००१ मध्ये प्रकरण बाहेर फुटलं, ते कुठं? एका भंगाराच्या दुकानात! पारा लागलेली काच तिथं टनावारी पडलेली लोकांना सापडली. कारखाना बंद झाला. २००३ साली सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजानं परत अमेरिकेला गेला. कामगारांना मात्र २०१६ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा कुठं ५९१ माजी कामगारांशी कंपनीनं समझोता केला, तोही आमच्यामुळं कुणी आजारी पडलं नाही ही भूमिका न सोडता. कचरा दोन वर्षांत हलला, माणसांना पंधरा वर्षं लागली. एवढ्यात सगळं आलं.

आता आपल्या दारात या. जपानमधल्या मिनामाता गावाच्या नावानं पाऱ्याविरुद्ध जागतिक करार झालाय. भारतानं तो २०१८ मध्ये मान्य केला. पाऱ्याचे थर्मामीटर, बीपीची मशीन यांचं उत्पादन बंद करायचं, आणि ट्यूबलाइटही २०२७ पर्यंत. चांगलंच आहे. पण बाद झालेल्या वस्तू जाणार कुठं? एका थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅम पारा. जुन्या बीपी मशीनमध्ये ८० ते १०० ग्रॅम. ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅमच, पण पत्र्याच्या बंद शेडमध्ये रोज शंभर ट्यूब फुटायला लागल्या की हिशोब बदलतो.

नियम आहेत. ट्यूब ई-कचऱ्याच्या नियमात येतात, रुग्णालयातला पारा घातक कचऱ्यात. कारखान्यांच्या कायद्यात पाऱ्याची विषबाधा ही डॉक्टरनं सरकारला कळवायलाच हवी अशा रोगांच्या यादीत आहे. पण भंगारच्या दुकानात दोन-तीन पोरं असतात. कायद्याच्या लेखी तो कारखानाच नाही. तिथं ना इन्स्पेक्टर जातो, ना डॉक्टर.

कुणी म्हणेल, मग टाका धाडी. अजिबात नको. धाड पडली की काम रात्री होतं, आणि दार लावून होतं. वाफेला तेच पाहिजे. भंगारवाला गावाची घाण उचलतो, त्याला गुन्हेगार करून काही साधणार नाही.

त्यापेक्षा चार गोष्टी करू. कापूरहोळ, नसरापूर, भोरमधल्या डॉक्टरांनी जुनी बीपी मशीन भंगारात विकू नये. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून परवानाधारक घातक कचरावाल्यांकडं द्यावी. ग्रामपंचायतींनी ट्यूब आणि सीएफएल न फोडता गोळा करायला एक पेटी ठेवावी, कंपन्यांवर त्या परत घ्यायची जबाबदारी आहेच. घरात थर्मामीटर फुटला तर झाडू मारू नका, त्यानं पारा पसरतो. खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा, कडक कागदानं थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरा. आणि भंगारातल्या पोरांना हे त्यांच्या भाषेत सांगा. बरीच पोरं परप्रांतातली आहेत, तेव्हा हिंदीतही सांगा.

ग्रामसभेत हा विषय घ्यायला खर्च काहीच नाही. आणि डॉक्टरसाहेब, उद्या कापऱ्या हाताचा एखादा पोरगा समोर बसला तर पितोस का, हे विचारण्याआधी एवढं विचारा: बाळा, काम काय करतोस?

पटलं तर आपापल्या गावाच्या ग्रुपवर टाका.