मिरची मेली की आधी खणून बघा, मग दुकान गाठा



पाच-सहा दिवसांची झड उघडली आणि कडक ऊन पडलं की माझ्या मोबाईलवर एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. हिरवीगार मिरची, शेंड्यापासून मान टाकलेली. खाली लिहिलेलं असतं, "दादा, काल झाड चांगलं होतं, आज असं झालं. कोणतं औषध सोडू?" मी उलटं विचारतो, "मुळीचा फोटो कुठंय?" यावर काही जण रागावतात. प्लॉट चाललाय आणि हा माणूस मुळ्या बघायला सांगतो, असं त्यांना वाटतं. म्हणून माझं म्हणणं आज सविस्तर लिहितो.

माझं मत असं : मर लागलेल्या मिरचीवर आपला जेवढा पैसा जातो, त्यातला बराचसा रोग न ओळखता सोडलेल्या औषधात जातो. झाडं वाचत नाहीत ती नाहीतच, वर बिल अंगावर पडतं.

आधी एक साधी गोष्ट समजून घ्या. झाड मान टाकतं म्हणजे वर पाणी पोचत नाही, एवढंच ते सांगतं. का पोचत नाही ते सांगत नाही. ठिबकच्या शेवटच्या नळीला पाणी आलं नाही तर आपण काय करतो? फुटव्हॉल बघतो, फिल्टर बघतो, पाईप कुठं फुटलाय ते बघतो. न बघता मोटार बदलायला कोणी जात नाही. मिरचीच्या बाबतीत मात्र आपण डायरेक्ट मोटारच बदलायला निघतो.

माझ्या वावरातलं यंदाचं उदाहरण

आमचं गाव सिल्लोड-भोकरदन पट्ट्यातलं. उन्हाळी मिरची हेच आमच्याकडचं पैशाचं पीक. माझी दीड एकर मिरची, लागवड मे महिन्यातली, मल्चिंगवर, ठिबक आहे. रोपं दहा हजारांच्या आसपास. तीन तोडे झाले होते. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात झड लागली, ती उघडल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी सत्तरेक झाडं सुकलेली दिसली.

मी पहिलं काम केलं ते म्हणजे वहीत वावराचा नकाशा काढला आणि सुकलेल्या प्रत्येक झाडाच्या जागी फुली मारली. फुल्या मारल्यावर दिसलं की झाडं दोन ठिकाणी मेलीत. एक घोळका खालच्या अंगाला, ओढ्याच्या बाजूला, जिथं बेडचं पाणी येऊन थांबतं. तिथं एकाच सरीला लागून ओळीनं झाडं गेलेली. दुसरी झाडं वरच्या बांधाजवळ. इथं एक, पाच झाडं सोडून एक, अशी विखुरलेली. त्या बांधावर कडुनिंब आणि बाभळी आहेत, हे ध्यानात ठेवा.

मग दोन्हीकडची तीन-तीन झाडं खुरप्यानं खणून काढली.

खालच्या बाजूच्या झाडांना जमिनीलगत खोडावर काळपट तपकिरी पट्टा होता, बोटानं चोळला की साल निघून येत होती. बारीक केसमुळ्या गळालेल्या, मोठी मुळी मऊ. वरच्या बाजूच्या झाडांचं खोड एकदम स्वच्छ. पण मुळ्या जागेवरच नव्हत्या, कुरतडलेल्या. तिथली माती वीतभर उकरली तर पांढरी, इंग्रजी सी सारखी वाकलेली अळी निघाली. हुमणी. पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे रात्री कडुनिंबाचा, बाभळीचा पाला खायला येतात आणि जवळपासच्या मातीत अंडी घालतात. नकाशावरच्या फुल्या बांधाजवळ का होत्या, ते तिथं कळलं.

म्हणजे वावर एक, दिवस एक, वरून दिसणारं लक्षणही एक. मारणारे मात्र दोन. खाली मूळ-खोडकुज, वर हुमणी. मी फोटो टाकून औषध विचारलं असतं तर सगळ्या वावराला एकच औषध सांगितलं गेलं असतं आणि निम्म्या ठिकाणी ते वाया गेलं असतं.

पंधरा मिनिटांची तपासणी

मी करतो ती पद्धत क्रमानं लिहितो. याला पैसा लागत नाही.

१. झाड निवडताना आजच मान टाकलेलं घ्या. वाळून काडी झालेल्या झाडावर नंतर आलेल्या दुसऱ्या बुरशा असतात, त्या फसवतात. शेजारचं एक चांगलं झाडही खणून काढा, तुलना केल्याशिवाय कळत नाही.

२. झाड ओढून उपटू नका, खणा. ओढलं की कुजलेली मुळी मातीतच राहते आणि हातात फक्त खोड येतं.

३. माती मुठीत दाबा. पाणी निथळलं किंवा चिखलाचा लाडू झाला तर वाफसा नाही. वास घ्या. कुजका, गटारीसारखा वास आला तर मुळीला हवा मिळत नाहीये.

४. मुळ्या धुऊन बघा. पांढऱ्या आहेत की तपकिरी, कुरतडल्यात का, त्यावर गाठी आहेत का.

५. जमिनीलगतचं खोड बघा. काळा पट्टा आहे का, पांढरी कापसासारखी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे आहेत का.

६. ब्लेडनं खोड उभं चिरा. आतल्या लाकडात तपकिरी रेषा वर चढल्यात का बघा.

७. शेवटी ग्लासाची परीक्षा. बुडख्याजवळच्या खोडाचा तीन-चार इंचांचा तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन कापलेलं टोक त्यात बुडेल असा धरा. हलवू नका. काही मिनिटांत दुधासारखी धार खाली उतरताना दिसली तर तो जीवाणूंचा मर रोग.

काय दिसलं म्हणजे काय समजायचं

पाण्याच्या वाटेनं ओळीत झाडं गेली, बुडाशी काळा पट्टा, झाड एक-दोन दिवसांत बसलं : फायटोप्थोरा. याचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून रोग सरीच्या पाण्याबरोबर पुढं सरकतो. १९२२ साली अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात हा रोग मिरचीवरच पहिल्यांदा नोंदला गेला, त्याच्या शास्त्रीय नावातला कॅप्सिसी हा शब्दही मिरचीवरूनच आलाय. म्हणजे ही अडचण काही आजची नाही.

खालची पानं आधी पिवळी पडली, झाड आठवडाभर रखडत गेलं, खोड चिरल्यावर आत तपकिरी रेषा : फ्युजेरियम मर.

पानं हिरवीच, पिवळेपणा नाही, झाड उकडल्यासारखं झालं, ग्लासात दुधाळ धार : जीवाणूजन्य मर.

बुडाला पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे : स्क्लेरोशियम.

खोड स्वच्छ, मुळी कुरतडलेली, झाड सहज हातात येतं : हुमणी किंवा वाळवी.

मुळीला गाठी, झाड खुजं, दुपारी सुकतं आणि संध्याकाळी उभं राहतं : सूत्रकृमी. यानं झाड एका दिवसात मरत नाही, पण मुळीला झालेल्या जखमांतून बाकीचे रोग आत शिरतात.

चिबडलेल्या पट्ट्यातली सगळीच झाडं मलूल, काळा पट्टा नाही, मुळी तपकिरी, मातीला वास : नुसतं पाणी साचलंय. मुळीला हवा नाही म्हणून ती पाणी उचलत नाही. पाण्यात उभं राहूनही झाड तहानलेलं असतं. वेळेत निचरा झाला तर यातली काही झाडं उठतात.

औषधाचं गणित

आता खरा मुद्दा. वरच्या यादीत प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. कार्बेन्डाझिम आपल्याकडं सर्रास सोडलं जातं. फायटोप्थोरावर ते चालत नाही, कारण तो खरी बुरशीच नाही, पाणबुरशीच्या जातीतला आहे. त्याला मेटॅलॅक्झिल, फोसेटिल यांसारखी औषधं लागू होतात. ही औषधं फ्युजेरियमवर काम करत नाहीत. जीवाणूजन्य मरीवर दोन्ही बिनकामाची. तिथं लागलेलं झाड बरं करणारं औषध नाही. ताम्रयुक्त औषधानं शेजारच्या झाडांना झाली तर थोडी आडकाठी होते. आणि हुमणीला यातल्या कशाचाच फरक पडत नाही.

"म्हणूनच आम्ही सगळं एकत्र सोडतो दादा, काहीतरी लागू पडेलच," असं पोरं म्हणतात. आमच्या भावकीतल्या एकाला यंदा दुकानातून मिळालेला डोस असा होता : बुरशीनाशक, जीवाणूनाशक, ह्युमिक, एक टॉनिक आणि वर ट्रायकोडर्मा. बिल सहा हजारांच्या घरात. आता ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशी आहे. बुरशीनाशकाबरोबर एका टाकीत कालवली तर ती मरणार, म्हणजे तिचे पैसे टाकीतच बुडाले. दुसरं, आधीच चिखल झालेल्या बेडमध्ये त्यानं दोनशे-दोनशे लिटरची आळवणी केली. मुळी हवेवाचून गुदमरली होती, तिला आणखी पाणी पाजलं. आणि त्याच्या झाडाचं खोड मी ग्लासात धरलं तेव्हा दुधाळ धार उतरली. मागच्या साली तिथं टोमॅटो होता. त्याला सहा हजारांच्या औषधाची नाही, झाडं काढून टाकायची आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथं मका-ज्वारी घ्यायची गरज होती.

यात एकट्या दुकानदाराला दोष देऊन चालणार नाही. आपणच काउंटरवर उभं राहून म्हणतो, "काहीतरी कडक द्या." तो देतो. न देणाऱ्याकडं आपण परत जात नाही, हे त्यालाही माहीत असतं.

काही जण म्हणतात, तपासत बसलो तर तोवर प्लॉट जाईल. माझं उत्तर असं की खणून बघायला पंधरा मिनिटं लागतात, दुकानात जाऊन यायला निम्मा दिवस. आणि ज्या झाडाचं बूड काळं पडलं ते कोणत्याच औषधानं परत येत नाही. औषध असतं ते शेजारच्या, अजून उभ्या असलेल्या झाडांसाठी.

मी काय केलं

ठिबक सहा दिवस बंद ठेवलं. खालच्या बाजूला बेडची तोंडं फोडून चर काढला, पाणी बाहेर काढलं. मल्चिंग खालच्या टोकाला कापून उघडं केलं, ऊन-वारा लागू दिला. मेलेली झाडं बुडाच्या मातीसकट पोत्यात भरून वावराबाहेर नेली आणि वाळल्यावर जाळली. ओढ्यात टाकली नाहीत, कारण ओढ्याचं पाणी खालच्या शेतकऱ्याच्या वावरात जातं. वाफसा आल्यावर फक्त रोगट घोळक्याच्या भोवतालच्या झाडांना मेटॅलॅक्झिल गटातलं औषध, लेबल वाचून, बुडाला दिलं आणि पुढचा तोडा लांबवला. वरच्या बाजूला मेलेल्या झाडांच्या आजूबाजूची माती उकरून हुमण्या वेचल्या आणि मेटारायझियम सोडलं. एकूण दोनशेच्या आसपास झाडं गेली. बाकीची उभी आहेत, तोडे चालू आहेत.

खरा इलाज लागवडीआधीचा

भारी रानात बेड चांगला उंच हवा आणि सरीला बाहेर पडायला वाट हवी. मल्चिंगखाली ओल दिसत नाही, म्हणून ठिबक घड्याळावर न चालवता पेपर उचलून माती मुठीत दाबूनच चालवा. मिरचीवर मिरची नको, टोमॅटो-वांग्यावर नको. काकडी-भोपळ्यावरही नको, फायटोप्थोरा त्या वेलांवरही जगतो. कच्चं शेणखत टाकू नका, हुमणीला ते आवडतं. चांगल्या कुजलेल्या खतात ट्रायकोडर्मा मुरवून लागवडीआधी द्या, रोग आल्यावर नाही.

या पानावर कृषी शाखेचे बरेच पदवीधर आणि अधिकारी आहेत, त्यांना एक विनंती. शेतकऱ्यानं पानांचा फोटो टाकला तर औषधाचं नाव लिहू नका. मुळी, बूड, चिरलेलं खोड आणि ग्लास, हे चार फोटो मागा. मागच्या दोन वर्षांची पिकं विचारा. एवढं करूनही कळलं नाही तर त्याला नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्रात पाठवा. आणि दरवेळी औषध सांगितलंच पाहिजे असं नाही. "पाणी बंद कर, चर काढ" हाही सल्लाच आहे, शेतकऱ्याला तो पटवून द्यायची जबाबदारी शिकलेल्या माणसाची.

शेतकरी बांधवांनी आपल्या वावराचा साधा नकाशा वहीत काढून ठेवावा आणि यंदा कुठं कशानं झाडं गेली ते लिहून ठेवावं. पुढच्या मे महिन्यात बेड पाडताना ती वही समोर ठेवा. तुमच्याकडं यंदा कोणती मर निघाली ते खाली लिहा, पण आधी झाड खणून बघा आणि मुळीचा फोटो जोडा.