शिट्टीची अनिश्चितता

अमेरिकेतील महाविद्यालयीन आइस हॉकीत पंचांच्या निर्णयांत एकवाक्यता नाही, ही तक्रार केवळ पराभूतांची मानून सोडून देता येणार नाही. प्रतिस्पर्ध्याला फळीवर आदळणाऱ्यास २ मिनिटे बाहेर बसवावे की ५, हे पंचाच्या विवेकावर सोपविलेले आहे. २ मिनिटांची शिक्षा प्रतिपक्षाने गोल करताच संपते. ५ मिनिटांची मात्र कितीही गोल झाले तरी पुरी भोगावी लागते. सामना फिरण्यास एवढे पुरे होते.

पुरुषांच्या प्रथम श्रेणीत विद्यापीठांचे ६ गट आहेत व पंचांच्या नेमणुका गटांच्या पातळीवर होतात. नियमपुस्तक एक, वाचणारे अनेक! १६ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत हा भेद उघडा पडतो.

पंच वाढविल्याने प्रश्न सुटेल काय? अटलांटिक कोस्ट गटाच्या बास्केटबॉलमध्ये २ ऐवजी ३ पंच आले, तेव्हा फाउल सुमारे एकतृतीयांशाने घटले, असे मॅकॉर्मिक व टॉलिसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखविले. उलट, व्यावसायिक आइस हॉकीत १९९८-९९ च्या हंगामात काही सामन्यांना १, तर काहींना २ पंच होते. तेथे अधिक गुन्हे पकडले गेले, परंतु खेळाडूंना जरब बसली नाही, असा हेकलमन व येट्स यांचा निष्कर्ष आहे.

तात्पर्य, केवळ संख्येने धाक निर्माण होत नाही. शिक्षेची निश्चिती हवी. त्यासाठी सर्व गटांतील पंचांना एकच प्रशिक्षण व एकच मूल्यमापन लागू झाले पाहिजे. अन्यथा खेळाडू नियम नव्हे, पंच पाहून खेळतील. आणि त्याची किंमत एखाद्या विशीतल्या मुलाची मान मोजील.