वाळलेलं झाड ठेवलं तरी धोका, घाईने पाडलं तरी धोका. पारसच्या दुर्घटनेतून गावांनी काय घ्यावं?

कौंडण्यपूर (ता. तिवसा) : 9 एप्रिल 2023, रविवारची संध्याकाळ. अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर तालुक्यातील पारस येथे बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. वादळी पाऊस सुरू झाला आणि जुनं, मोठं कडुनिंबाचं झाड टिनाच्या शेडवर कोसळलं. शेडखाली आसऱ्याला थांबलेल्यांपैकी 7 जणांचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले.

अशी शेडं आणि अशी झाडं वऱ्हाडात गावोगावी आहेत. रुक्मिणीचं माहेर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कौंडण्यपुरात कार्तिकात यात्रा भरते, वर्धा नदीच्या काठी गर्दी होते. माणसं सावली पाहूनच बसतात. वरची फांदी वाळली आहे का, हे कोणी पाहत नाही.

झाड पडायच्या आधी सांगतं

बुंध्याला भुईछत्र्या उगवणं, साल सुटून पडणं, खोडातून भुसा गळणं, कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकलं की पोकळ आवाज येणं, ही आतून सडल्याची लक्षणं. सरळ झाड नव्याने एका बाजूला कललं आणि मुळाशी जमिनीला भेगा पडल्या, तर मामला गंभीर आहे. वर हिरवा पाला असला म्हणजे मुळं धड आहेत, असं नाही.

मग पाडत का नाहीत?

पहिलं कारण, झाड कोणाचं हेच ठरत नाही. शेतातलं झाड मालकाचं, गावठाणातलं ग्रामपंचायतीचं, रस्त्याच्या कडेचं त्या रस्त्याच्या विभागाचं. दुसरं कारण कायद्याची भीती. ग्रामीण भागात 1964 चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम लागू आहे. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी अनुसूचीतली झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पण झाड मेलेलं, रोगट, वाऱ्याने पडलेलं किंवा जीविताला धोकादायक असेल, तर परवानगी मिळण्याची सोय याच कायद्यात आहे. म्हणून फोटोसह लेखी अर्ज द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं उद्या कोणीच कबूल करत नाही.

पाडणाऱ्याचा जीव

परवानगी मिळाली की दुसरा धोका सुरू होतो. हिरवं झाड पाडणं आणि वाळलेलं पाडणं यात मोठा फरक आहे. झाड पाडताना ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच घेतात, मग मागून काप देतात. मधे राहिलेली लाकडाची पट्टी बिजागरीसारखी काम करते आणि झाड हळूहळू झुकवते. वाळलेल्या, किडलेल्या लाकडात ही पट्टी कटकन तुटते आणि झाड भलत्याच बाजूला येतं. शिवाय कुऱ्हाडीच्या किंवा मशीनच्या हादऱ्याने वरची सुकी फांदी सुटून थेट खालच्या माणसाच्या डोक्यावर पडते.

त्यामुळे एवढ्या गोष्टी पाळाच :

• एकट्याने झाड पाडायचं नाही. एक माणूस लांब उभा राहून फक्त वर लक्ष ठेवेल.

• झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात पोरंसोरं, जनावरं, गाड्या नकोत.

• पळायच्या वाटा आधीच साफ करा. झाड पडेल त्याच्या मागच्या बाजूला, तिरप्या दिशेने. अगदी सरळ मागे पळू नका, बुंधा मागे उसळू शकतो.

• मेलेल्या झाडावर चढू नका, त्याला शिडी टेकवू नका. फांदी वजन घेत नाही.

• जवळून वीजतार जात असेल तर महावितरणला कळवून लाईन बंद झाल्याची खात्री करा. तोवर हात लावू नका.

• वारा सुटला की काम बंद.

• झाड दुसऱ्या झाडात अडकलं, तर खाली जाऊन ओढू नका.

• ढोलीत साप, फांदीवर आग्या मोहोळ आहे का, ते आधी पाहा. डोक्यावर हेल्मेट हवंच.

संत्रा पट्ट्यात आणखी एक सवय दिसते. वाळलेलं संत्र्याचं झाड लहान म्हणून ट्रॅक्टरला साखळी लावून ओढतात. साखळी उंच बांधली आणि मूळ निघालं नाही, तर ट्रॅक्टरची समोरची चाकं उचलून तो चालकावर उलटू शकतो. साखळी कायम खालच्या हुकालाच बांधावी आणि ताण आल्यावर तिच्या आसपास कोणी थांबू नये.

भरपाई कोणाला?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात. पण ते खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी. ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि घरातही कोणाच्या नावावर नाही, असा रोजंदारीचा मजूर या योजनेत बसत नाही. आणि झाडाखाली कुऱ्हाड घेऊन बहुतेक वेळा तोच उभा असतो. लाकडाचा सौदा करताना मजुराच्या सुरक्षेची आणि विम्याची जबाबदारी कोणाची, हे कागदावर आलं पाहिजे.

अवकाळीचा जोर एप्रिल-मे मध्ये, आणि 1 मे रोजी गावोगावी ग्रामसभा असते. मंदिर, शाळा, बसथांबा, आठवडी बाजार इथली वाळलेली झाडं त्याच सभेत मोजून घ्या, प्रत्येकाच्या मालकाचं नाव लिहा, पाडण्याची तारीख ठरवा. जे झाड पाडायला वेळ लागणार आहे, त्याच्याभोवती दोर बांधून बसणं तरी बंद करता येतं. त्याला ना परवानगी लागते, ना निधी.