जपानच्या हॉटेलातली नोकरी : मधला माणूस आपला हवा



शिवडी ते न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटरचा सागरी सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. त्यासाठी जपानच्या ‘जायका’ या संस्थेने कर्ज दिले, हे उलवे-पनवेलकडच्या मंडळींना ठाऊक आहेच. जपानचा पैसा आपल्या खाडीपर्यंत आला. आता त्याच जपानला आपल्याकडची माणसे हवी आहेत.

कारण सरळ आहे. तिथे म्हाताऱ्या माणसांची संख्या वाढली, जन्म घटले. पाहुणे मात्र वाढतच आहेत. २०२४ या एका वर्षात ३ कोटी ६८ लाखांवर परदेशी प्रवासी जपानला गेले. त्यांना खोलीची चावी देणारी, जेवण वाढणारी, स्टेशनचा रस्ता सांगणारी माणसे कमी पडू लागली. म्हणून जपान सरकारने एप्रिल २०१९ पासून ‘विशिष्ट कौशल्य’ असलेल्या परदेशी कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम यांच्याबरोबर हॉटेल आणि उपाहारगृह ही क्षेत्रेही त्यात आहेत. भारताबरोबर याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये तर पाच वर्षांत भारतातून ५० हजार कुशल माणसे जपानला जावीत, असे दोन्ही सरकारांनी ठरवले.

अशी बातमी वस्तीत पोहोचली की तिच्या मागोमाग दलालही पोहोचतो. मागे एका रविवारी घरकाम करणारी एक भगिनी माझ्याकडे एक कागद घेऊन आली. मुलगा बारावी झालेला. कागदावर ‘जपान हॉटेल जॉब, खात्रीशीर’ एवढेच मोठ्या अक्षरात. मालकाचे नाव नाही, पगार नाही, एजंटाचा नोंदणी क्रमांक नाही. तीन लाख रोख द्या, मुलाची मूळ प्रमाणपत्रे जमा करा, आधी पर्यटक म्हणून पाठवतो, तिथे गेल्यावर व्हिसा बदलून देतो, असे तोंडी आश्वासन. बाई गळ्यातले मोडायला निघाली होती. मी तिला म्हणालो, “ताई, पर्यटकाच्या व्हिशावर काम करणे हा तिथे गुन्हा आहे. पकडले तर दलाल नाही, तुमचा मुलगा तुरुंगात जाईल.” दागिना वाचला. पण सगळ्याच माता-भगिनी वेळेवर विचारायला येत नाहीत. म्हणून नियम इथे मांडतो. कात्रण जपून ठेवावे.

पहिली गोष्ट. परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटाला भारत सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी खरी की खोटी, हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर दिसते. वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात प्रवासी संरक्षकाचे कार्यालय आहे, तिथेही चौकशी करता येते. एजंटाचे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये. १८ टक्के जीएसटी धरून ३५,४०० रुपये. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी गोष्ट. या व्हिशासाठी वय १८ पूर्ण हवे, जपानी भाषेची एन-४ किंवा तिच्या तोडीची परीक्षा आणि त्या कामाच्या कौशल्याची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ‘भाषेची गरज नाही’ असे जो सांगतो, तो फसवतो.

तिसरी गोष्ट. कामगाराकडून अनामत रक्कम घेणे, ‘मध्येच सोडलेस तर इतका दंड’ असा करार करणे जपानच्या नियमात बसत नाही. त्याच कामासाठी जपानी माणसाला जो पगार, त्याहून कमी देता येत नाही. त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो.

आता पगाराचा हिशेब. मी कारकून माणूस, आकडे मांडल्याशिवाय माझे समाधान होत नाही. २०२५ मध्ये जपानची सरासरी किमान मजुरी ताशी १,१२१ येन ठरली. महिन्याला १६० तास धरले तर १,७९,३६० येन होतात. पण येन म्हणजे रुपया नव्हे. साठ पैशांच्या आसपास धरा. म्हणजे लाखभर रुपये. त्यातून कर, विमा आणि राहण्याचे भाडे जाते. शिवाय पहिल्या टप्प्याचा व्हिसा एकूण पाच वर्षांचा, त्यात बायका-मुलांना नेता येत नाही. वरच्या टप्प्याची परीक्षा दिली तर मुक्काम वाढतो, कुटुंबही नेता येते. हॉटेल क्षेत्राला ही सोय २०२३ मध्ये मिळाली. लग्न ठरवताना दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

काही पालक विचारतात, “पोटाला चिमटा घेऊन शिकवले ते परक्या देशात खरकटे काढायला का?” प्रश्न रास्त आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माथी घाण काढण्याचे काम मारले गेले, त्याची ही आठवण आहे. पण हॉटेलच्या या व्हिशात स्वागतकक्ष, पाहुण्यांची सेवा, भोजनगृह अशी कामे मुख्य आहेत; नुसती साफसफाई करून घेण्यासाठी हा व्हिसा नाही. काम कोणते याबरोबरच पगार, तास, हक्क आणि पुढे चढायची पायरी आहे की नाही, हे बघावे.

माझा खरा मुद्दा पुढेच आहे. आपली मुले जातील ती जातील. पण मुलांना नेणारा, करार समजावणारा, तिथे आजारपणात डॉक्टरकडे घेऊन जाणारा मधला माणूस कोण? जपानच्या कायद्याने कामगाराला विमानतळावर आणायला जाणे, घर मिळवून देणे, बँकेत खाते उघडून देणे, तक्रार ऐकून घेणे हे मालकावर बंधनकारक आहे. मालक हे काम नोंदणीकृत साहाय्य संस्थेकडे सोपवू शकतो. हे सगळे कामगाराला समजेल अशा भाषेत करावे लागते आणि त्याचा खर्च कामगाराच्या माथी मारता येत नाही. म्हणजे आपली भाषा आणि जपानी, दोन्ही जाणणाऱ्या माणसाला इथे काम आहे. भाषाशिक्षक, दुभाषी, भरती कंपनीतला समन्वयक, साहाय्य संस्थेतला कर्मचारी अशी ही सगळी पांढरपेशी नोकरीची दारे आहेत. आपली बी.ए., बी.कॉम. झालेली मुले-मुली घरी बसून सरकारी जाहिरातीची वाट बघतात, त्यांनी इकडे लक्ष द्यावे. पदवी आणि एन-२ पर्यंत जपानी असेल तर हा मार्ग खुला होतो.

अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक पुण्यात जपानी शिकले, जपानला जाऊन नोकरी केली, तोक्योच्या एडोगावा भागात आईच्या हाताला साजेसे घरगुती जेवणाचे ‘रेखा’ हे भोजनालय काढले. २०१९ मध्ये तिथल्या मतदारांनी त्यांना वॉर्डाच्या सभागृहात निवडून दिले. भाषा आली की माणूस किती पल्ला गाठतो, ते यावरून दिसते.

इंग्रजीच्या वर्गात आपले मूल मागच्या बाकावर बसते, कारण दुसऱ्याच्या घरी ती दोन पिढ्यांपासून बोलली जाते. जपानीचे तसे नाही. वर्गातल्या प्रत्येकाला पहिल्या अक्षरापासूनच सुरुवात करावी लागते. शिवाय मराठीसारखेच तिचे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे आपल्या मुलांना ती इंग्रजीपेक्षा सरळ वाटते. परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. मुंबई आणि पुणे ही केंद्रे आहेत.

प्रत्येक विभागातल्या मंडळाने एक काम करावे. दोन होतकरू मुले आणि दोन मुली निवडाव्यात, त्यांच्या जपानीच्या फीची वर्गणी काढावी. अट एकच घालावी : शिकून झाल्यावर वस्तीत येणारा प्रत्येक करार त्यांनी फुकट वाचून द्यायचा. मिरवणुकीच्या मंडपावरचा थोडा खर्च कमी केला तर एवढे सहज जमेल.