वाजतंय, पण काय?

गेल्या सप्टेंबरात शेजारच्या आजोबांनी टोपलीभर अळंबी आणून दिली. बव्हेरियाच्या जंगलात स्वतः हिंडून वेचलेली मारोनेन! माझी आई पावसाळ्यात अळंबीचं कालवण करायची, त्यामुळे माझ्या तोंडाला लगेच पाणी सुटलं. हिने मात्र टोपली ओट्याच्या कोपऱ्यात सरकवली. म्हणाली, "चेर्नोबिलचं काय?"

शंका वाजवी होती. २६ एप्रिल १९८६ च्या अपघातानंतर तो ढग इकडे आला आणि दक्षिण जर्मनीत नेमका पाऊस पडला. त्यातलं सिझियम-१३७ दर तीस वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे २०१६ साली अर्धं शिल्लक होतंच. शेतातली माती ते धरून ठेवते. जंगलातल्या पालापाचोळ्यात मात्र ते फिरत राहतं, आणि मारोनेनसारखी अळंबी ते शोषून घेते.

एवढ्यात चिरंजीव आपला गायगर काउंटर घेऊन आले. टोपलीवर धरताच टिक्, टिक्! "बाबा, वाजतंय!" ही टोपली कचऱ्यात टाकायला निघाली. मी म्हटलं, थांबा. टोपली गॅलरीत ठेवा आणि परत मोजा. दोन्ही वेळा दहा-दहा मिनिटं मोजलं. आकडा जवळपास तोच!

ह्या यंत्राची गोष्टच मजेची आहे. हान्स गायगर मँचेस्टरला रदरफर्डकडे असताना अल्फा कण मोजायचे म्हणजे अंधारात बसून पडद्यावरच्या बारीक चमका डोळ्यांनी टिपायच्या. डोळे शिणणारच. हे काम विजेने करणारं पहिलं यंत्र त्या दोघांनी १९०८ साली केलं. पुढे १९२८ साली कील विद्यापीठात गायगर आणि त्यांचा विद्यार्थी वाल्टर म्युलर यांनी आजची नळी बनवली. नळीत वायू, मधोमध बारीक तार, तारेवर मोठा विद्युतदाब. किरण आला की वायूतला एखादा इलेक्ट्रॉन सुटतो, तो आणखी इलेक्ट्रॉन सोडवतो, आणि क्षणात त्यांचा लोंढा तारेवर आदळतो. तीच टिक्. जवळ काही नसतानाही यंत्र वाजायचं, तेव्हा तो आधी यंत्राचाच दोष वाटायचा. नंतर उलगडलं की त्यातले बरेच ठोके अवकाशातून येणाऱ्या किरणांचे होते!

आमच्या स्वयंपाकघरातही तेच वाजत होतं: आकाश, भिंती, जमीन. आपल्या शरीरातसुद्धा पोटॅशियम-४० मुळे दर सेकंदाला चारेक हजार अणूंचा क्षय होत असतो. शिवाय ह्या नळीचा प्रत्येक ठोका सारखाच. कोणीतरी आलं एवढंच ती सांगते. कोण आलं ते नाही. अळंबीतलं थोडंसं सिझियम ह्या गलक्यात बुडून जातं. म्हणून टिकटिक वाढली नाही, तरी "काही नाही" असंही म्हणता येत नाही.

ते सांगायला जर्मेनियमचा डिटेक्टर लागतो. द्रवरूप नायट्रोजनने गार केलेला, बाहेरचा गलका अडवायला शिशाच्या जाड भिंतींत ठेवलेला. तो प्रत्येक गॅमा किरणाची ऊर्जा मोजतो. ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला शिखर दिसलं की ते सिझियम-१३७. जणू माणूस आवाजावरून ओळखावा तसं.

पाव किलो अळंबी तपासायला दिली. सिझियम निघालं, पण विक्रीसाठी असलेल्या ६०० बेक्वेरेल प्रतिकिलो ह्या मर्यादेच्या बरंच खाली. अगदी मर्यादेइतकं असतं तरी दोनशे ग्रॅम खाऊन दोन मायक्रोसीव्हर्टसुद्धा भरत नाहीत. मुंबईच्या एका विमानप्रवासात त्याच्या कितीतरी पट मिळतात. हिने कागद दोनदा वाचला आणि कांदा चिरायला घेतला.

आजोबांना हे सांगावं की नाही, मला संकोच वाटत होता. दिलेली भेट तपासायची म्हणजे! शेवटी सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "८६ च्या मे महिन्यात माझी मुलगी चार वर्षांची होती. आम्ही तिला वाळूत खेळू दिलं नाही, दूधही दिलं नाही. कोण म्हणे घाबरू नका, कोण म्हणे पळा. आमच्याकडे आकडा नव्हता. तुमच्याकडे आहे. मला त्याची एक प्रत द्या."

दिली. सोबत डबाभर कालवणही दिलं. त्यांना जरा तिखट लागलं म्हणे!