बांबू : झाड की वनोपज?

संगणकाची आज्ञावली लिहिण्याआधी तिने नेमके काय करायचे, हे गणिताच्या भाषेत काटेकोर मांडतात. त्याला 'फॉर्मल स्पेसिफिकेशन' म्हणतात. एवढा खटाटोप कशाला, असे विचारणाऱ्या मित्रांना मी आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाचा बांबू दाखवीन. १९२७ च्या वन कायद्यात बांबू 'झाड' होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला 'गौण वनोपज' म्हटले. दोन्ही कायदे एकाच वेळी अंमलात! मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला २००९ मध्ये, पण बांबूचा वाहतूक परवाना गावाच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला. जुन्या व्याख्येतून बांबू वगळला गेला तो तर २०१७ मध्ये.

या दोन व्याख्या गणिती भाषेत शेजारी मांडल्या असत्या, तर विसंगती कागदावरच सापडली असती. आज वाहतूक परवानेही संगणकावर निघू लागले आहेत. अधिकाऱ्याशी निदान वाद घालता येतो. आज्ञावलीशी कसा घालणार?

मात्र गणित विसंगतीच दाखवील. बांबू कुणाचा, हे ग्रामसभेला विचारूनच लिहावे लागेल. माझ्या वडिलांना सहीपुरतेच अक्षर येते, पण जंगलातला बांबू कधी तोडावा आणि कधी राखावा हे त्यांना पाठ आहे. म्हणून असा मसुदा आधी गोंडीत आणि मराठीत गावापुढे वाचावा, मगच त्याचे गणित करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.